उत्कृष्ट प्रबंधाचा मान आणि त्याचा वाचक

आजच्या सांगली जिल्ह्यातला वाळवा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. या तालुक्यातल्या कासेगावात गेल ऑम्व्हेट अखेरपर्यंत राहिल्या आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी तिथंच त्यांचं निधन झालं. मिनियापोलिसला जन्मलेल्या या बाईंनी १९७३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेला जो प्रबंध सादर केला, तो होता पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर. सत्यशोधक समाज स्थापन झाला ते १८७३ साल हा त्याचा आरंभबिंदू आणि १९३० हा शेवट. जुन्या सातारा जिल्ह्यातली गावं, तिथले शेतकरी, सत्यशोधक जलसे, शेटजी-भटजींविरुद्धचं बंड हा त्यातला मजकूर. १९७६ साली मुंबईत तो पुस्तकरूपाने निघाला आणि पुढे ‘वासाहतिक समाजातील सांस्कृतिक बंड’ या नावाने मराठीत आला. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासावर काम करणाऱ्या कुणालाही आज हे पुस्तक टाळून पुढे जाता येत नाही.

याच तालुक्यातल्या आष्टा गावापासून जवळच बागणी आहे. लोकसाहित्याच्या थोर संग्राहक सरोजिनी बाबर यांचा जन्म तिथला, ७ जानेवारी १९२० चा. मराठी साहित्यातली स्त्रियांची कामगिरी हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. जात्यावरच्या ओव्यांपासून सणावारांच्या गाण्यांपर्यंत त्यांनी पुढे जे उभं केलं, त्याची दिशा या अभ्यासात दिसते. शाळेची पायरी जेमतेम चढलेले अण्णा भाऊ साठे वाळव्यातल्याच वाटेगावचे. त्यांच्या साहित्यावर तर महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत प्रबंध झाले आहेत. एका तालुक्यात प्रबंध लिहिणारेही आहेत आणि ज्यांच्यावर प्रबंध लिहिले गेले ते लोकही. म्हणून उत्कृष्ट प्रबंधांना दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांचा विचार दिल्ली किंवा बोस्टनमधून करण्याऐवजी इथं उभं राहून करणं योग्य वाटतं. पुरस्कार कुणाला मिळतो एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. पुरस्कारानंतर त्या प्रबंधाचं काय होतं, हे त्याहून महत्त्वाचं आहे.

आपल्याकडच्या पीएच.डी.ला श्रेणी नसते. पेट ही प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, सिनॉप्सिस, मग प्रबंध, मग बाहेरच्या रेफरींचे अहवाल आणि शेवटी खुला व्हायवा. एवढं पार पडलं की पदवी मिळते आणि ती सगळ्यांना सारखीच. आठ वर्षं दप्तरखान्यांची धूळ खाऊन लिहिलेला प्रबंध आणि बढतीची मुदत गाठण्यासाठी उरकलेला प्रबंध, दोन्हींच्या प्रमाणपत्रांवर एकच मजकूर असतो. जर्मनीत पदवीवरच ‘सुम्मा कुम लाउडे’सारखा शेरा असतो. नेदरलँड्समध्येही थोड्या जणांना ‘कुम लाउडे’ दिलं जातं. आपल्याकडे ही सोय नसल्यामुळे पुरस्कार हीच एकमेव प्रतवारी उरते, आणि त्यामुळे त्याच्यावरची जबाबदारी वाढते.

या प्रथेचं मूळ पीएच.डी.हूनही जुनं आहे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख रॉबर्ट स्मिथ यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमेतून १७६९ पासून तिथं गणितातली ‘स्मिथ पारितोषिकं’ सुरू झाली. आधी त्यासाठी परीक्षा असे. १८८५ पासून विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या निबंधावर पारितोषिक ठरू लागलं. केंब्रिजमध्ये पीएच.डी. ही पदवी आली पहिल्या महायुद्धानंतर. तोवर तरुण गणितज्ञाची संशोधक म्हणून पहिली पारख याच पारितोषिकाने होई. कोल्हापूरला १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांना १९६२ मध्ये हे पारितोषिक मिळालं. फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखालची त्यांची पीएच.डी. १९६३ ची आहे. म्हणजे मान आधी मिळाला आणि पदवी नंतर.

अमेरिकेत पदव्युत्तर संस्थांच्या परिषदेने १९८२ पासून देशपातळीवर प्रबंधांचा गौरव सुरू केला. त्याचं प्रायोजकत्व आहे प्रोक्वेस्ट या कंपनीकडे. ही कंपनी म्हणजे १९३८ साली अ‍ॅन आर्बर इथं स्थापन झालेल्या ‘युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स’चं आजचं रूप. अमेरिकन विद्यापीठांतले प्रबंध मायक्रोफिल्मवर उतरवून मागेल त्याला प्रत पुरवणं हा तिचा मूळ धंदा. प्रबंध जपणं आणि त्याचा सन्मान करणं ही दोन्ही कामं तिथं एका हाती आली.

भारतावर काम करणाऱ्यांसाठी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाशी जोडलेला सरदार पटेल पुरस्कार आहे. अमेरिकन विद्यापीठात आधुनिक भारतावर लिहिलेल्या उत्तम प्रबंधाला तो दिला जातो आणि त्याची रक्कम दहा हजार डॉलर.

संगणकशास्त्रात असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी, म्हणजे एसीएम, या संस्थेचा प्रबंध पुरस्कार सर्वांत मानाचा. गूगलच्या आर्थिक पाठबळावर त्यासाठी वीस हजार डॉलर दिले जातात आणि निवडलेला प्रबंध संस्थेच्या डिजिटल ग्रंथालयात सर्वांसाठी ठेवला जातो. या पुरस्काराच्या इतिहासातला एक धागा कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यापर्यंत येतो. मधू सूदन यांच्या बर्कलीतल्या प्रबंधाला १९९३ मध्ये आणि संजीव अरोरा यांच्या प्रबंधाला १९९५ मध्ये हा पुरस्कार मिळाला. दोघांचे मार्गदर्शक उमेश वझिरानी. दोघांचं काम एकाच कल्पनेभोवतीचं. भलीमोठी गणिती सिद्धता विशिष्ट पद्धतीने लिहून घेतली, तर ती पूर्ण न वाचता, सोडत काढल्यासारख्या निवडलेल्या मोजक्या जागा तपासूनही ती बरोबर आहे की नाही हे जवळजवळ खात्रीने सांगता येतं. या शोधामुळे अनेक प्रश्नांची अंदाजे उत्तरं काढणंसुद्धा किती अवघड आहे, हे सिद्ध करता येऊ लागलं. अरोरा पुढे प्रिन्स्टनला शिकवू लागले आणि त्यांच्याकडे आलेला विद्यार्थी होता इचलकरंजीचा सुभाष खोत. २००२ मध्ये, पीएच.डी. करत असतानाच खोत यांनी ‘युनिक गेम्स’ हे अनुमान मांडलं, आणि त्यासाठी २०१४ साली सोल इथल्या जागतिक गणित परिषदेत त्यांना नेव्हानलिना पारितोषिक मिळालं. त्यांच्या आधी २००२ साली तेच पारितोषिक सूदन यांना मिळालं होतं. गौरवलेल्या प्रबंधातून पुढचे प्रबंध जन्माला येतात, त्याचं याहून ठळक उदाहरण क्वचित सापडेल. मोजक्या जागा तपासण्याची ती सवलत प्रबंधाच्या परीक्षकाला मात्र नाही. त्याला पान न् पान वाचावं लागतं.

एसीएमच्या भारतीय शाखेचाही स्वतंत्र प्रबंध पुरस्कार आहे. मुंबईच्या आयआयटीत ‘नाईक आणि रस्तोगी’ यांच्या नावाने उत्कृष्ट प्रबंधांचा सन्मान होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने गीता उदगावकर यांच्या नावाचा पुरस्कार ठेवला आहे. भारतीय खगोलशास्त्रीय संस्थेकडून ‘न्यायमूर्ती ओक’ पुरस्कार उत्तम प्रबंधाला आणि ‘के. डी. अभ्यंकर’ पुरस्कार प्रबंधाच्या उत्तम सादरीकरणाला दिला जातो. कृष्ण दामोदर अभ्यंकर हे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातले मराठी खगोलशास्त्रज्ञ. अभियांत्रिकीत राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमी विद्यार्थ्यांच्या नावीन्यपूर्ण प्रकल्पांना पदवी, पदव्युत्तर आणि पीएच.डी. अशा तीन पातळ्यांवर पुरस्कार देते. यातली सादरीकरणाची कल्पना विशेष मोलाची आहे. चार वर्षांचं काम अनोळखी श्रोत्यांना दहा मिनिटांत समजावता येणं हा संशोधनाचाच भाग आहे.

विज्ञानाच्या बाजूला अशी नावं सहज सापडतात. मराठीच्या बाजूला ती शोधावी लागतात. सापडतं त्यातलं एक उदाहरण मात्र सांगलीचंच आहे. तारा भवाळकर यांनी मराठी पौराणिक नाटकाची प्रारंभापासून १९२० पर्यंतची जडणघडण हा विषय घेतला आणि पुणे विद्यापीठाने त्यावरचा त्यांचा पीएच.डी. प्रबंध उत्कृष्ट म्हणून गौरवला. चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं ते सांगलीत, आणि भवाळकरबाईंनी दीर्घकाळ शिकवलं तेही सांगलीत, श्रीमती चंपाबेन वालचंद शाह महिला महाविद्यालयात. पौराणिक नाटक म्हणजे पोथीतली कथा रंगमंचावर आणणं, एवढं साधं उत्तर त्यांनी मान्य केलं नाही. यक्षगान, दशावतार, कीर्तन, लळित या लोकप्रकारांशी असलेलं त्याचं नातं त्या शोधत राहिल्या. ‘लोकनागर रंगभूमी’, ‘मिथक आणि नाटक’, ‘यक्षगान आणि मराठी नाट्यपरंपरा’ ही त्यांची पुस्तकं त्याच शोधाच्या पुढच्या पायऱ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या अठ्ठ्याण्णवाव्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळालेल्या त्या सहाव्या स्त्री. उत्तम प्रबंध ओळखायचा कसा, तर तो लिहून झाल्यावर लेखकाजवळ किती प्रश्न उरतात यावरून. विद्यापीठाने त्या वेळी नेमकं तेच ओळखलं होतं, असं आज मागे वळून पाहताना म्हणता येतं.

राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार यशवंतराव चव्हाणांच्या नावाने दिले जातात. तेही या भागातलेच, देवराष्ट्र्याचे. त्यात समीक्षा आणि वाङ्मयीन संशोधनाला स्वतंत्र स्थान आहे. पण ते पुरस्कार पुस्तकाला मिळतात. प्रबंध छापला गेला, तरच तो स्पर्धेत उतरतो. मराठीत प्रबंध छापणारा प्रकाशक बहुतेक वेळा लेखकाकडेच खर्च मागतो. नुकतीच नोकरी लागलेल्या किंवा अजून तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला तो झेपत नाही. प्रबंध काळ्या-निळ्या रेक्झिनच्या बांधणीत ग्रंथालयात उभा राहतो आणि पुरस्काराच्या वाटेपासून दूर पडतो.

छपाई आणि पदवी यांचं नातं एके काळी फार सक्तीचं होतं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्यांचं नाव घातलं गेलं, त्या भीमराव आंबेडकरांना याचा अनुभव आला. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा प्रबंध कोलंबिया विद्यापीठाने १९१७ मध्ये स्वीकारला. छापील प्रती दाखल केल्याशिवाय पदवी द्यायची नाही, असा तिथला नियम होता. पुस्तक लंडनच्या पी. एस. किंग अँड सनने १९२५ मध्ये काढलं. बाबासाहेबांनी ते सयाजीराव गायकवाडांना अर्पण केलं. पदवी हाती आली १९२७ मध्ये. लंडनचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांच्या सूचनांनुसार पुन्हा हाताळावा लागला आणि १९२३ च्या अखेरीस मान्य झाला. त्याच वर्षी तो पुस्तक म्हणूनही आला. सक्ती जाचक होती यात शंका नाही. पण तिच्यामुळे दोन्ही प्रबंध जगासमोर आले आणि शंभर वर्षांनीही अर्थशास्त्राचे विद्यार्थी ते वाचतात.

याच्या उलट गोष्ट एलिनॉर झेलियट यांची. आंबेडकर आणि महार चळवळ यांवरचा त्यांचा प्रबंध पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९६९ मध्ये मान्य केला. पुस्तक म्हणून तो यायला २००४ साल उजाडलं. मधली पस्तीस वर्षं तो मायक्रोफिल्म आणि झेरॉक्सच्या प्रतींमधून हिंडत राहिला. दलित चळवळीवर लिहिणाऱ्या दोन पिढ्यांनी त्याच्या तळटिपा दिल्या. न छापलेला प्रबंधही जगू शकतो, पण त्यासाठी इंग्रजी भाषा आणि प्रत मिळण्याची सोय, या दोन गोष्टी लागतात. मराठी प्रबंधाला यातली दुसरी सोय तरी मिळायला हवी.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये ‘पीएच.डी. उत्कृष्टता प्रशस्तिपत्र’ जाहीर केलं, तेव्हा पहिल्यांदा सगळ्या विषयांतले प्रबंध राष्ट्रीय पातळीवर एका योजनेत आले. वर्षाला दहा प्रशस्तिपत्रं. विज्ञान, अभियांत्रिकी-तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रं, भारतीय भाषा आणि वाणिज्य-व्यवस्थापन अशा पाच शाखांत प्रत्येकी दोन. विद्यापीठाने आपल्याकडच्या छाननीनंतर शाखेमागे एकच नाव पाठवायचं. निवड जाहीर करण्यासाठी ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन ठरला. आयोगाने दिलेल्या आकड्यांनुसार पीएच.डी.साठीची नोंदणी २०१०-११ मधल्या ७७,७९८ वरून २०१७-१८ मध्ये १,६१,४१२ वर गेली. त्यात विज्ञानाचा वाटा ३० टक्के, अभियांत्रिकीचा २६ आणि भारतीय भाषांचा ६ टक्के.

भारतीय भाषांना दहातली दोन म्हणजे त्यांच्या संख्येच्या मानाने मोठा वाटा, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. पण आठव्या अनुसूचीतल्या भाषा बावीस आहेत. तमिळमधला संगम काव्यावरचा प्रबंध, बंगालीतला आणि मराठीतला प्रबंध यांची तुलना करणारा परीक्षक एक व्यक्ती असू शकत नाही. तो मंडळात बसून इतरांच्या अहवालांवर विसंबणार. म्हणून खरी निवड विद्यापीठाच्या पातळीवरच होते. शिवाजी विद्यापीठाला भारतीय भाषांसाठी एकच नाव पाठवता येणार, आणि मराठी व हिंदी दोन्हींमधून ते निवडावं लागणार. ते नाव कोणत्या कारणासाठी निवडलं, हे चार परिच्छेदांत लिहून विद्यापीठाने जाहीर केलं, तर पुढच्या दहा संशोधकांना उत्तम काम कशाला म्हणतात ते कळेल. नुसत्या नावाने ते कळत नाही.

पुरस्कारांच्या रचनेत आणखी एक असमतोल आहे. बहुतेक ठिकाणी विद्यार्थी स्वतः अर्ज करत नाही. गाइड किंवा संस्था शिफारस करते. मोठ्या संस्थेतल्या गाइडला कोणते पुरस्कार आहेत, मुदत कधी, पत्रात काय लिहायचं हे माहीत असतं. आष्ट्यासारख्या गावात आज अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि आयुर्वेद शिकवणारी महाविद्यालयं आहेत. तिथला शिक्षक दिवसा तास घेऊन, रात्री प्रबंध लिहून पदवी मिळवतो. त्याच्या कामाची शिफारस करण्याची आठवण कुणाला तरी राहिली पाहिजे. शिफारशीऐवजी रेफरींच्या अहवालातच एक रकाना असावा: हा प्रबंध पुरस्कारासाठी विचारात घ्यावा का? प्रबंध पूर्ण वाचलेला आणि विद्यार्थ्याशी संबंध नसलेला माणूस तोच असतो.

संख्या वाढली तशी घाईही वाढली. विद्यापीठांतल्या सहायक प्राध्यापकांसाठी पीएच.डी. सक्तीची करण्याचा नियम आला, लांबला आणि २०२३ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. या हेलकाव्यांत कितीतरी नोंदण्या निव्वळ नोकरीच्या धास्तीने झाल्या. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालवून घेतलं आणि त्यापुढच्या उचलेगिरीला पायरीपायरीने शिक्षा ठरवली. पण संगणकाने दिलेली टक्केवारी कमी आली म्हणजे प्रबंध चांगला, असा समज विभागांमध्ये रुजतो आहे. तो घातक आहे. पानांच्या संख्येबद्दलही तसंच. कमला सोहोनी यांनी केंब्रिजला १९३९ मध्ये जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवली ती सुमारे चाळीस पानांच्या प्रबंधावर. मराठीत साडेचारशे पानांचा प्रबंध नेहमीचा, आणि त्यातली पहिली दोनशे पानं पूर्वसुरींच्या उताऱ्यांची. पुरस्काराच्या निकषांत आटोपशीरपणाला गुण ठेवले, तर चित्र बदलायला मदत होईल.

पैशाचा प्रश्न पुरस्काराच्या आधी येतो. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेली मुलं-मुली संशोधनाला बसू शकली. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथीच्या अधिछात्रवृत्तीवरून पीएच.डी.चा उपयोग काय, असा वाद रंगला. त्याचं उत्तर प्रबंधांनीच द्यायचं आहे, आणि प्रबंध लोकांपर्यंत पोहोचले तरच ते देता येईल. नेदरलँड्समध्ये प्रबंध पुस्तकासारखा छापून पाहुण्यांना वाटतात आणि इंग्रजीत लिहिलेल्या प्रबंधाच्या शेवटी डच भाषेतला सारांश असतो. आपल्याकडे उसाच्या रोगावर, क्षारपड जमिनीवर किंवा औषधी वनस्पतींवर इंग्रजीत झालेल्या कामाचा दहा पानांचा मराठी सारांश पुरस्काराच्या अटीत घातला, तर कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला तो वाचता येईल. रोख रकमेऐवजी छपाईचा खर्च दिला, तरी चालेल. सांगलीत अखिल महाराष्ट्र नाट्यविद्या मंदिर समिती विष्णुदास भावे गौरवपदक देते. त्याचे पहिले मानकरी बालगंधर्व. रंगभूमीचा मान गावाने असा जपला. नाट्यसंशोधनाचा एखादा प्रबंध छापून देणंही अशा गावाच्या आवाक्यातलं काम आहे.

२००९ च्या नियमांनंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक झालं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या ‘शोधगंगा’वर आज पाच लाखांहून अधिक प्रबंध कुणालाही फुकट वाचता येतात. आष्ट्याच्या बसस्थानकावर बसूनही मोबाईलवर ते उघडतात. पण मराठीतले पुष्कळ प्रबंध स्कॅन केलेली चित्रं म्हणून किंवा जुन्या फॉन्टमध्ये चढवलेले आहेत. ‘सत्यशोधक जलसा’ असा शोध घेतला, तर आतल्या मजकुरातलं काहीच हाती लागत नाही. पुरस्कारासाठी प्रबंध पाठवताना युनिकोडमधली प्रत आणि शेवटी विषयसूची जोडायची, एवढी एक अट विद्यापीठाने घातली, तर त्या वर्षी विचारात घेतलेला प्रत्येक प्रबंध, मान मिळो न मिळो, शोधणाऱ्याला सापडू लागेल.